स्वॅब पॉझिटिव्ह आला म्हणजे सेप्टिक झालं का?

परवा रात्री साडेअकराला मैत्रिणीचा मेसेज. तिच्या दिराला भाजलंय, दोन्ही पाय आणि एक हात, आठ दिवस झाले ॲडमिट आहे, आणि सोबत कल्चर रिपोर्टचा (जखमेवरून काडीने घेतलेल्या स्वॅबमध्ये कुठले जंतू वाढले ते सांगणारा कागद) तिरका, अर्धा अंधारातला फोटो. खाली एवढंच: "यात सुडोमोनास लिहिलंय. हेवी ग्रोथ. म्हणजे सेप्टिक झालं ना गं?" सुडोमोनास हा एक जंतू. मी झोपायच्या तयारीत होते, उठून बसले आणि व्हॉइस नोट करायला घेतली, ती झाली नऊ मिनिटांची, आणि सकाळी परत ऐकली तर त्यातली चार मिनिटं मी नुसती "म्हणजे बघ", "तसं नाही गं" करतेय. तर तेच आता नीट लिहून काढते, पुढच्या वेळी कुणी विचारलं तर पाठवता तरी येईल.

मी मायक्रोबायोलॉजीवाली. पेशंट कमी बघते, पेशंटवरून आलेले जंतू जास्त बघते. रेसिडेन्सीत असताना बरेच महिने बर्न्स वॉर्डच्या (भाजलेल्या पेशंटच्या वॉर्डच्या) प्लेट, म्हणजे जंतू वाढवायच्या बशा, वाचायचं काम माझ्याकडे होतं, आणि तेव्हा मला वाटायचं की माझं काम सरळ आहे, स्वॅब आला, प्लेटवर लावला, काय उगवलं ते लिहिलं, कुठलं औषध चालेल ते लिहिलं, संपलं. बर्न्सच्या स्वॅबमध्ये खरा प्रश्न तिथून पुढे सुरू होतो हे कळायला वेळ लागला, थोडा मारही खावा लागला.

भाजलेल्या जखमेचं गणित वेगळं का, हे आधी. सुरीने कापलं तर कडेला जिवंत कातडी असते, रक्त वाहतं, पांढऱ्या पेशी धावत येतात. खोलवर भाजलं की वरचा सगळा थर मरतो, त्याला एस्कार म्हणतात, चामड्यासारखा, कधी पांढरट कधी काळपट, आणि त्यातल्या बारीक रक्तवाहिन्या गोठून बंद झालेल्या असतात. रक्त नाही म्हणजे पांढऱ्या पेशी नाहीत, आणि शिरेतून दिलेलं अँटिबायोटिकही तिथे नीट पोचत नाही. उरलं काय, तर शिजलेलं प्रोटीन, ओलावा आणि अंगाची ऊब. जंतू वाढवायला आम्ही लॅबमध्ये एवढा खटाटोप करून मीडियम बनवतो, ते इथे आयतं तयार असतं.

भाजल्या भाजल्या जखम बऱ्यापैकी निर्जंतुक असते, वरचे जंतू उष्णतेने मेलेले असतात. पण केसांच्या मुळाशी, घामाच्या ग्रंथींमध्ये खोल बसलेले स्टॅफिलोकोकाय, म्हणजे कातडीवरचे नेहमीचे जंतू, वाचतात आणि वरून औषध लावलं नाही तर पहिल्या ४८ तासांत तेच पृष्ठभागावर पसरतात. मग साधारण ५ ते ७ दिवसांनी दुसरी मंडळी येते, पेशंटच्या स्वतःच्या आतड्यातली, घशातली, आणि वॉर्डातली, म्हणजे कुणाच्या तरी हातावरून, नळावरून, बेडच्या दांडीवरून आलेली: सुडोमोनास, क्लेब्सिएला, असिनेटोबॅक्टर, ई. कोलाय. आणि बरेच दिवस तगडी अँटिबायोटिक्स चालली की त्याच्याही मागून बुरशी, कँडिडा आणि कधी ॲस्परजिलस किंवा म्युकर. हा क्रम अगदी काट्यावर चालत नाही, पण रिपोर्टवरचा जंतू बघून भाजून किती दिवस झाले असतील याचा अंदाज बऱ्याचदा बरोबर निघतो. मैत्रिणीच्या दिराला आठवा दिवस, सुडोमोनास. वेळेवर आला म्हणायचं.

म्हणजे आठव्या दिवशी स्वॅब घेतला तर काहीतरी उगवणारच. उगवलं नाही तर मलाच संशय येतो.

आता मुद्दा. जंतू जखमेवर आहेत आणि जंतूंनी जखमेत इन्फेक्शन केलंय, या दोन वेगळ्या गोष्टी. पहिलीला कोलोनायझेशन म्हणतात. ओसरीवर येऊन बसलेला माणूस आणि माजघरात घुसलेला माणूस यात जेवढा फरक तेवढाच. मेलेल्या थरावर जंतू बसलेत, तोवर तो ओसरीचा मामला आहे. ते थर ओलांडून खालच्या जिवंत मांसात शिरले, तिथल्या रक्तवाहिन्यांच्या भिंतीत घुसले, की मग ते बर्न वूंड सेप्सिस, म्हणजे जखमेतून अंगभर पसरणारं इन्फेक्शन, आणि त्याने माणूस जातो. आणि स्वॅब फिरतो कुठे? ओसरीवर. कापसाच्या बोळ्याला माजघर दिसत नाही.

मग कुणी म्हणेल स्वॅब कशाला, ताप बघा, रक्त तपासा. इथेच बर्न्सचा पेशंट सगळ्यांना चकवतो. अंगाचा वीसेक टक्क्यांहून जास्त भाग भाजला की शरीराचा थर्मोस्टॅटच वर सरकतो, साडेअडतीसपर्यंतचा ताप कित्येक दिवस रोजचाच, नाडी जलद, श्वास जलद, पांढऱ्या पेशी वरखाली, सीआरपी (रक्तातली सुजेची खूण) वाढलेलं, आणि हे सगळं एकही जंतू आत न शिरता. दुसऱ्या कुठल्या वॉर्डात असा पेशंट असता तर इन्फेक्शन समजून धावपळ झाली असती. म्हणून अमेरिकन बर्न असोसिएशनने २००७ साली बर्न्ससाठी सेप्सिसचे वेगळे निकष लिहिले, मोठ्या माणसात ताप ३९ च्या वर किंवा ३६.५ च्या खाली, नाडी ११० च्या वर, श्वास मिनिटाला २५ च्या वर, प्लेटलेट एक लाखाच्या खाली (हे पहिले तीन दिवस धरायचं नाही, कारण तेव्हा त्या तशाही पडतात), डायबेटिस नसताना साखर चढलेली, नळीने दिलेलं अन्न चोवीस तासांहून जास्त पोटात न टिकणं, यातले किमान तीन, आणि वर इन्फेक्शनचा काहीतरी पुरावा. तो पुरावा म्हणजे पॉझिटिव्ह कल्चर, किंवा जखमेतून काढलेल्या तुकड्यात सूक्ष्मदर्शकाखाली दिसलेला शिरकाव, किंवा अँटिबायोटिकला मिळालेला प्रतिसाद. म्हणजे फिरून गाडी माझ्याच टेबलावर आली.

माझ्या टेबलावर काय येतं ते सांगते. बर्न्सच्या स्वॅबचं भवितव्य ती काडी लॅबमध्ये पोचायच्या आधीच ठरलेलं असतं. एका पेशंटची गोष्ट आहे, ताप, जखमेला वास, सर्जनना खात्री की काहीतरी शिजतंय, आणि आमचा रिपोर्ट दोनदा "नो ग्रोथ". वॉर्डमधून फोन आला, सूर चांगला नव्हता. आमच्या मॅडम मला म्हणाल्या, इथे बसून प्लेटकडे काय बघतेस, वर जा आणि स्वॅब कसा घेतात ते बघून ये. गेले. ड्रेसिंग उघडलं, जखमेवर सिल्व्हर सल्फाडायझिनचं पांढरं क्रीम दाटून बसलेलं, आणि त्या क्रीमवरूनच काडी हलक्या हाताने फिरवून ट्यूबमध्ये. जंतू मारायचं औषध जंतूंसकट एकाच काडीवर लॅबला येत होतं आणि वाटेत आपलं काम करत होतं! मग सिस्टरना म्हटलं, आधी सलाईनने क्रीम पूर्ण पुसून काढूया, जुना पू, जुना स्राव सगळा, आणि मग स्वच्छ दिसणाऱ्या भागावर एक चौरस सेंटिमीटर जागा धरून काडी दाबून फिरवूया, इतकी दाबून की आतला द्रव वर यावा. दुसऱ्या दिवशी प्लेट हिरवीगार. सिस्टरना दोष देण्यात अर्थ नव्हता, आम्ही फॉर्मवर "कुठलं क्रीम लावलंय" हा रकानाच ठेवला नव्हता आणि तोवर कुणी विचारलंही नव्हतं.

दाबून फिरवायच्या या पद्धतीला लेव्हाइन टेक्निक म्हणतात. आता ती सगळ्याच जखमांसाठी शिकवतात, पण ती निघाली बर्न्समधूनच, अमेरिकन सैन्याच्या बर्न सेंटरमधून, १९७६ च्या एका पेपरमधून. हे मला फार उशिरा कळलं, आणि कळल्यावर उगाच आपल्या घरचं माणूस मोठं झाल्यासारखा आनंद झाला.

काडी लॅबला आली की एक घासणी काचपट्टीवर, ग्राम स्टेनसाठी, म्हणजे जंतू रंगवून बघायला, ती तासाभरात वाचून होते. बाकी ब्लड अगार, मॅकाँकी अगार या प्लेटवर, आणि रात्रभर ३५ ते ३७ डिग्रीला. दुसऱ्या दिवशी कॉलनी, म्हणजे जंतूंचे ठिपके. सुडोमोनासची प्लेट उघडायच्या आधीच ओळखू येते, द्राक्षांसारखा गोडसर वास आणि निळसर हिरवा रंग, इतकं वाईट काम करणाऱ्या जंतूला इतका छान वास कसा हा प्रश्न प्रत्येक नवीन रेसिडेंटला पडतोच. मॅल्डी-टॉफ मशीन असेल तर कॉलनी मिळाल्यावर नाव काही मिनिटांत कळतं, पण कॉलनी उगवायला रात्र लागतेच, आणि कुठलं औषध चालेल हे बघायला आणखी एक दिवस. म्हणजे पूर्ण रिपोर्ट ४८ ते ७२ तासांनी. तेवढ्या वेळात बर्न्सची जखम कुठच्या कुठे गेलेली असते. तुमच्या हातात असतो तो परवाच्या जखमेचा फोटो.

आणि ते "हेवी ग्रोथ"? प्लेटवर लूपने चार भागांत रेघोट्या मारत जातो, प्रत्येक भागात जंतू पातळ होत जातात. पहिल्याच भागात चार कॉलनी तर स्कँटी, शेवटच्या भागापर्यंत पोचले तर हेवी. बस. काडीवर किती होते याचा तो ढोबळ अंदाज, किती खोल गेलेत याच्याशी त्याचा थेट संबंध नाही. मैत्रिणीला हा एकच मुद्दा नीट सांगता आला असता तर नऊ मिनिटं वाचली असती.

मोजूनच बघायचं तर नुसती काडी पुरत नाही, तुकडा काढावा लागतो. पंच बायोप्सी, वजन करायचं, वाटायचं, दहापट दहापट पातळ करत जायचं, प्लेटवर टाकायचं आणि कॉलनी मोजायच्या. यातला जादूचा आकडा म्हणजे ग्रॅममागे एक लाख जंतू, पुस्तकात दहाचा पाचवा घात. हा आला कुठून, तर पुन्हा त्याच सैनिकी संशोधनातून, १९६४ मध्ये टेप्लिट्झ आणि सहकाऱ्यांनी उंदरांना भाजून त्यावर सुडोमोनास लावला आणि जखमेतला जंतूंचा आकडा वाढत गेला तसा तो खाली जिवंत मांसात आणि रक्तात कसा उतरतो ते दाखवलं. आणि १९६७ मध्ये क्रिझेक, रॉब्सन वगैरेंनी ग्राफ्टचं (जखमेवर लावलेल्या कातडीचं) बघितलं: ग्रॅममागे एक लाखाच्या आत जंतू असतील तर ९४ टक्के ग्राफ्ट धरले, त्याहून जास्त असतील तर फक्त १९ टक्के. इतका स्वच्छ आकडा वैद्यकशास्त्रात क्वचित मिळतो, मग तो परीक्षेत विचारला जाणार, पाठ होणार, आणि पाठ झाला की कुणी शंका घेणार नाही.

एक अपवाद मात्र तेव्हापासून सगळ्यांना माहितीय, बीटा हिमोलिटिक स्ट्रेप्टोकोकस. तो लाखाची वाट बघत नाही. ग्राफ्ट जखमेला चिकटतो तो सुरुवातीला फायब्रिनच्या डिंकाने, आणि हा जंतू स्ट्रेप्टोकायनेज सोडतो ज्याने तो डिंकच विरघळतो, सकाळी ड्रेसिंग उघडलं तर ग्राफ्ट जागेवरून सरकलेला. त्यामुळे बर्न्सच्या प्लेटवर तो दिसला, मग चार कॉलनी का असेनात, मी लिहीत बसत नाही, आधी फोन उचलते.

आता एक लाखाबद्दलची शंका. आकडा कमी असेल तर खोल इन्फेक्शनची शक्यता कमी, इथपर्यंत ठीक. पण आकडा जास्त असूनही तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली बघितला तर जंतू वरच, मेलेल्या थरातच बसलेले, हे अनेकदा होतं. ओसरीवर गर्दी झाली म्हणून माजघर फुटलंच असं नाही. शिवाय जखम म्हणजे एकसारखी पाटी नसते. १९९६ मध्ये स्टीअर आणि सहकाऱ्यांनी एकाच वेळी, एकाच जखमेतून जोडीजोडीने नमुने घेऊन मोजले आणि त्या दोन आकड्यांतच इतकी तफावत आली की एकावरून दुसऱ्याचा अंदाज बांधणं अवघड, आणि पुढे पेशंटचं काय होणार हे तर आकड्यांवरून सांगताच येईना. २०१८ मध्ये या विषयावरच्या सगळ्या अभ्यासांचा एक पद्धतशीर आढावा आला, त्याचंही सार तेच, जंतू मोजून पेशंटचा फायदा होतो हे ठामपणे म्हणायला पुरावा तोकडा आहे आणि जो आहे तो बराचसा जुना, जेव्हा जखमा आजच्यासारख्या लवकर साफ करत नसत.

ही शेवटची गोष्ट महत्त्वाची आहे आणि ती आम्हा लॅबवाल्यांच्या सहज नजरेआड होते. पूर्वी एस्कार आपोआप सुटायची वाट बघायचे, आठवडेच्या आठवडे, आणि ती सुटायची कशामुळे, तर खाली जंतूंनी ती कुरतडल्यामुळे. मग स्लोव्हेनियातल्या मारिबोरच्या झोरा यांझेकोविच या सर्जनबाईंनी पहिल्या काही दिवसांतच मेलेला थर पातळ पातळ तासून काढायचा आणि लगेच ग्राफ्ट लावायचा हे करून दाखवलं, १९७० मध्ये त्यांचा पेपर आला, आणि हळूहळू जगभर तेच सुरू झालं. म्हणजे जंतूंची बैठकच उचलून टाकली. माझं प्रामाणिक मत, बर्न्समधलं इन्फेक्शन जितकं त्या पात्याने कमी झालं तितकं आमच्या कुठल्याही प्लेटने झालेलं नाही. (हे आमच्या डिपार्टमेंटमध्ये मोठ्याने म्हणत नाही.)

मग शिरकाव झालाय हे खात्रीने सांगणारी टेस्ट कुठली? हिस्टोपॅथॉलॉजी. मेलेल्या थराच्या खालच्या जिवंत मांसासकट तुकडा काढायचा आणि जंतू किंवा बुरशीचे धागे त्या जिवंत भागात दिसतात का ते बघायचं. बुरशीसाठी तर याला पर्याय नाही, कारण ॲस्परजिलस प्लेटवर उगवला तर तो हवेतून येऊन पडलेला असू शकतो, पण रक्तवाहिनीच्या भिंतीत शिरलेला धागा हवेतून आलेला नसतो. अडचण एवढीच की हे वाचणारा पॅथॉलॉजिस्ट हवा, तुकडा योग्य जागेचा हवा, आणि तो वेळेत वाचला जायला हवा.

वॉर्डमधल्या अनुभवी नजरेचं काय? ती फार मोलाची आहे. काल गुलाबी असलेला भाग आज काळपट जांभळा, वरवरचं भाजलेलं अचानक खोल दिसायला लागणं, एस्कार अपेक्षेआधीच सुटायला लागणं, कडेची चांगली कातडी लाल आणि कडक होणं, आदल्या दिवशी धरलेला ग्राफ्ट विरघळणं, हे रोज ड्रेसिंग करणाऱ्या माणसाला माझ्या रिपोर्टच्या दोन दिवस आधी दिसतं. नुसता हिरवा डाग मात्र फसवतो, ड्रेसिंग हिरवं झालं म्हणजे सुडोमोनास आहे इतकंच कळतं, तो कुठे आहे ते नाही.

आता उलटी बाजू, कारण वरचं वाचून वाटेल की स्वॅबला काही अर्थच नाही. लहान मुलं. आमच्याकडे एकदा एक छोटी मुलगी होती, गरम पाणी सांडलेलं, पाचेक टक्केच भाजलेलं, जखम इतकी स्वच्छ की कुणी दुसऱ्यांदा बघणार नाही. तिसऱ्या दिवशी ३९ च्या वर ताप, अंगभर लालसर पुरळ, उलट्या, जुलाब, मूल मलूल. पहिल्या दिवशी रुटीन म्हणून घेतलेल्या स्वॅबमध्ये स्टॅफ ऑरियस आलेला होता आणि "कोलोनायझेशन" म्हणून तो कागद फाईलला लागलेला. सिनियर रेसिडेंटने तो कागद आणि ते पुरळ शेजारी शेजारी ठेवून बघितलं आणि त्याच्या डोक्यात ट्यूब पेटली, टॉक्सिक शॉक. यात जंतू माजघरात शिरतच नाही, तो ओसरीवर बसून आत विष सोडतो, आणि लहान मुलांच्या अंगात त्या विषाविरुद्धच्या अँटिबॉडी बऱ्याचदा तयार झालेल्या नसतात, म्हणून जखम छोटी, सुंदर दिसणारी, आणि मूल मात्र शॉकमध्ये. ती वाचली. पण तेव्हापासून "हे तर नुसतं कोलोनायझेशन" असं मी लहान मुलांच्या बाबतीत तोंडातून काढत नाही, माझी ओसरी-माजघराची उपमा तिथे मोडते.

आणि स्वॅबचा दुसरा, मला वाटतं सगळ्यात मोठा उपयोग, एका पेशंटपुरता नाहीच. लिओनार्ड कोलब्रुक हे नाव बर्न्सवाल्यांनी विसरू नये. हा तोच माणूस ज्याने १९३६ मध्ये बाळंतिणींच्या तापावर प्रॉन्टोसिल हे औषध वापरून दाखवलं, पुढे युद्धाच्या काळात तो बर्न्सकडे वळला, आधी ग्लासगो आणि मग बर्मिंगहॅमचं ॲक्सिडेंट हॉस्पिटल. सगळ्यांना वाटायचं भाजलेला माणूस स्ट्रेप्टोकोकस सोबत घेऊन येतो. त्याने पुन्हा पुन्हा स्वॅब घेतले आणि दिसलं की येताना बहुतेकांकडे नसतो, वॉर्डमध्ये मिळतो, ड्रेसिंग करताना, हातांवरून, हवेतून. मग ड्रेसिंगसाठी गाळलेली हवा सोडणारी वेगळी खोली, जखमेला उघड्या हाताने शिवायचं नाही, असं सगळं सुरू झालं. इतकंच नाही, मुळात लोक भाजतातच का म्हणून घरातल्या शेगड्यांना जाळी सक्तीची व्हावी यासाठी तो मागे लागला आणि १९५२ मध्ये ब्रिटनमध्ये तसा कायदा झाला. एका जंतुशास्त्रज्ञाने स्वॅबपासून सुरुवात करून शेगडीपर्यंत जावं, हे मला भारी वाटतं.

त्याच्यानंतर तिथे एडवर्ड लोबरी, जंतुशास्त्रज्ञ आणि चक्क कवी. पेनिसिलीन क्रीमने स्ट्रेप मागे पडला आणि त्याची जागा सुडोमोनासने घेतली, आणि लोबरींची टीम त्याच्या मागावर. १९६९ च्या सुमारास त्याच युनिटमध्ये कार्बेनिसिलीन हे तेव्हाचं नवं औषध अचानक चालेनासं झालं, शोध घेतला तर रेझिस्टन्सची, म्हणजे औषधाला दाद न देण्याची, जनुकं एका प्लाझ्मिडवर (डीएनएच्या सुट्या कड्यावर) बसून एका जातीच्या जंतूतून दुसऱ्या जातीत उड्या मारत होती. आरपी४ नावाने तो प्लाझ्मिड पुढे जगभरच्या जेनेटिक्स लॅबमध्ये वापरला गेला. मी एम.डी.ला असताना त्याच्यावर प्रश्न लिहिला होता, तो बर्न्स वॉर्डमधल्या कुणाच्या तरी जखमेतून आलाय हे पुस्तकात कुठे नव्हतं.

हे सगळं रोजच्या, कंटाळवाण्या, दर थोड्या दिवसांनी घेतलेल्या स्वॅबमधूनच कळलं. आठवड्यात तीन पेशंटना एकाच रेझिस्टन्सचा असिनेटोबॅक्टर आला की जखमा बाजूला ठेवायच्या आणि नळ, ट्रॉली, जखमा धुवायच्या टबकडे बघायचं. हा जंतू कोरड्या पृष्ठभागावर कित्येक दिवस, कधी आठवडे जिवंत राहतो.

आणि त्या एका पेशंटसाठीही जुना स्वॅब कामाला येतो, पण तो असा: आज पेशंट ठीक आहे, जखमेवर अमुक रेझिस्टन्सचा सुडोमोनास बसलाय हे नोंदवून ठेवायचं, औषध द्यायचं नाही. उद्या रात्री दोनला बीपी पडलं तर पहिला डोस कुठला द्यायचा याचा अंदाज हातात असतो, ७२ तास थांबावं लागत नाही. अर्थात तेव्हा रक्ताचं कल्चर, नवा स्वॅब किंवा तुकडा घ्यायचाच. याच्या बरोबर उलट जे होतं ते म्हणजे रिपोर्ट आला, खाली औषधांची यादी आली, एस (चालेल) आणि आर (चालणार नाही) लिहिलेली, आणि जिथे एस दिसलं ते औषध सुरू. पेशंटला इन्फेक्शन नव्हतंच, औषध एस्कारमध्ये पोचलंच नाही, आतड्यातले बिचारे साधे जंतू मेले, आणि दहा दिवसांनी खरंच इन्फेक्शन झालं तेव्हा प्लेटवर सगळीकडे आर, एकटं कोलिस्टिन शिल्लक, तेही किडनीला त्रास देणारं. हे मी इतक्या वेळा पाहिलंय की मधल्या काळात मी रिपोर्टखाली एक ओळ टाकायला लागले, "जखमेवरील जंतूंची वाढ, इन्फेक्शनचं निदान पेशंट तपासून करावं." एका सर्जननी फोन करून विचारलं, मॅडम, तुम्ही आम्हाला शिकवताय का. म्हटलं नाही सर, मीच स्वतःला आठवण करून देतेय. ओळ अजून आहे.

नवीन काही येतंय का असं मैत्रिणीने विचारलं नव्हतं, पण मी व्हॉइस नोटमध्ये सांगितलंच. जांभळ्या प्रकाशात जखम बघायचे छोटे कॅमेरे आहेत, त्यात बरेच जंतू लाल चमकतात आणि सुडोमोनास निळसर, म्हणजे काडी कुठे फिरवायची ते तरी कळतं. ब्रिटनमधल्या बाथ विद्यापीठात एक ड्रेसिंग बनवलंय ज्यात रंगाच्या सूक्ष्म पिशव्या असतात, जंतूंनी विष सोडलं की पिशव्या फुटतात आणि ड्रेसिंग चमकायला लागतं. ही कल्पना मला फार आवडते कारण ती जंतू आहे का हे विचारत नाही, तो काही उद्योग करतोय का हे विचारते. पीसीआरने तर तासाभरात नाव कळेल, पण ओसरीवर कोण बसलंय हे पटकन कळल्याने तो आत शिरला का हे कळत नाही, उलट मेलेल्या जंतूंचाही डीएनए दिसणार आणि यादी आणखी लांब होणार.

तर मैत्रिणीला शेवटी मी एवढंच म्हटलं, रिपोर्ट बाजूला ठेव आणि उद्या राउंडला डॉक्टरांना तीन गोष्टी विचार, जखम कालच्यापेक्षा कशी दिसतेय, त्याचं खाणं, लघवी आणि शुद्ध कशी आहे, आणि ग्राफ्ट कधी. तिने विचारलं. उत्तर आलं की जखम ठीक आहे, ताप रोजचाच आहे, ते सुडोमोनासवर लक्ष ठेवून आहेत, वरचं क्रीम बदललंय, इंजेक्शन सुरू केलेलं नाही, आणि गुरुवारी मेलेला भाग काढून ग्राफ्ट लावणार. मला तो डॉक्टर न बघताच आवडला.

काल परत मेसेज. ग्राफ्ट धरलाय, एका कोपऱ्यात थोडा गेलाय, तेवढं चालायचं म्हणे. सोबत नव्या रिपोर्टचा फोटो, या वेळी सरळ आणि उजेडात काढलेला. स्टॅफिलोकोकस ऑरियस, स्कँटी ग्रोथ. खाली तिचा प्रश्न: "सुडोमोनास गेला वाटतं. हा आता ओसरीवर की माजघरात?"